शोपँचा पियानो

फ्रेडरिक शोपँचा जन्म १८१० साली पोलंडमधील एका खेड्यात झाला. १८३१ मध्ये तो पॅरिसला आला. तेथे एरार आणि प्लेयेल या दोन कारखान्यांचे पियानो नावाजलेले होते. प्रकृती बरी नसली की तो एरारवर वाजवी. कारण त्यावर स्वर आयताच मिळे. अंगात बळ असले की मात्र त्याला प्लेयेलच हवा असे. त्यावर आपला स्वर आपल्याच बोटांनी शोधावा लागे. पुढे तो फार खंगला. तरीही फेब्रुवारी १८४८ मधली पॅरिसची अखेरची मैफल त्याने प्लेयेलवरच केली. १८४९ साली, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी तो गेला.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. परीक्षा जवळ आली की हात गाइडकडे वळतो. तेव्हा शोपँची ही निवड आठवते.