एका पेनीच्या टपालावर चालणारा क्लास : आयझॅक पिटमनची गोष्ट

ऑनलाइन डिग्री करायची म्हटलं की आधी फी बघितली जाते. व्हिडिओ असतात, पीडीएफ असतात, अॅप असतं. पण आपण लिहिलेलं कुणी माणूस वाचून चुका दाखवणार आहे का, हे शोधायला गेलं की माहितीपत्रक एकदम मोघम होतं. कारण खर्च खरा तिथेच असतो.

इंटरनेटच्या कितीतरी आधी, १८४० मध्ये, इंग्लंडमधल्या एका मास्तरानं हाच खर्च जवळपास शून्यावर आणला होता. त्याचं नाव आयझॅक पिटमन. आई-बाबांच्या किंवा आजी-आजोबांच्या पिढीत कुणी शॉर्टहँड-टायपिंगचा क्लास लावला असेल, तर त्यांना हे नाव माहीत असणार.

पिटमनचा जन्म ४ जानेवारी १८१३ चा, विल्टशायरमधल्या ट्रोब्रिज गावचा. वडील कापड गिरणीत नोकरीला आणि घरात ११ भावंडं. तब्येतीमुळे आयझॅकची शाळा लवकर सुटली आणि पोरगा गिरणीत कारकून म्हणून लागला. पुढचं बरंचसं शिक्षण त्यानं स्वतःच केलं. त्यातच सॅम्युएल टेलर नावाच्या माणसाची जुनी लघुलेखनाची पद्धत त्याच्या हाताला लागली आणि तिचा त्याला नादच लागला. १८३१ मध्ये लंडनला काही महिने मास्तरकीचं प्रशिक्षण घेऊन तो शाळेत शिकवू लागला.

१८३७ मध्ये त्याची ही नोकरी गेली. वॉटन-अंडर-एज या गावात तो शिकवत होता. स्वीडनबोर्गच्या विचारांवर चालणाऱ्या ‘न्यू चर्च’ पंथात तो सामील झाला आणि शाळेच्या समितीला ते चाललं नाही. गडी खचला नाही. त्याच गावात त्यानं स्वतःची शाळा काढली आणि त्याच वर्षी एक छोटं पुस्तकही छापलं.

आधी त्याला टेलरचीच पद्धत स्वस्तात छापायची होती. पण प्रकाशकानं मत मागवलं तेव्हा, यात नवीन काही नाही, असं उत्तर आलं. मग त्यानं नवीन पद्धतच तयार केली. शब्दाचं स्पेलिंग काय आहे ते बघायचंच नाही, कानाला जे ऐकू येतं ते खुणेनं लिहायचं. एकाच दिशेची रेघ बारीक काढली की ‘प’, जाड काढली की ‘ब’. तशीच जोडी ‘ट’ आणि ‘ड’ची, तशीच ‘क’ आणि ‘ग’ची. आपली बाराखडी शिकलेल्याला ही मांडणी ओळखीची वाटेल. आपण कंठापासून ओठांकडे येतो, पिटमन ओठांपासून आत जातो, एवढाच फरक. पुस्तकाची किंमत होती ४ पेन्स.

पण पुस्तक घेतलं म्हणून शॉर्टहँड येत नाही. रेघ जरा जाड झाली तरी शब्द बदलतो, आणि आपली चूक आपल्याला दिसत नाही. तपासणारं कुणीतरी लागतंच. खेड्यातल्या कारकुनानं मास्तर कुठून आणायचा?

याचं उत्तर टपालखात्यानं दिलं. तोवर पत्राचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरायचा. लंडनहून एडिंबराला पत्र पाठवायचं तर शिलिंगाहून जास्त पडायचं, म्हणजे १२ पेन्सच्या वर. १० जानेवारी १८४० पासून रोलंड हिल यांच्या योजनेमुळे अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशभरात कुठेही १ पेनीत जाऊ लागलं.

पिटमननं ही संधी लगेच हेरली. तोवर तो बाथ शहरात राहायला आला होता. आपली अख्खी पद्धत त्यानं एकाच कागदावर बसवली, किंमत १ पेनी. कागद पाकिटात मावायचा, त्यामुळे पाठवायला सोपा. पुढे खरी गंमत होती. शिकणाऱ्यानं एखादा उतारा, बहुतेकदा बायबलमधला, शॉर्टहँडमध्ये लिहून पाठवायचा. तो तपासून, चुका दुरुस्त करून परत यायचा. तपासणीची फी काहीच नाही, खर्च फक्त टपालाचा.

पत्रं इतकी वाढली की एकट्यानं उरकेना. मग जे आधी शिकले होते तेच स्वयंसेवक म्हणून नवख्यांचे कागद तपासू लागले आणि त्यांची रीतसर संस्था उभी राहिली. सगळाच परोपकार होता असंही नाही. फुकट तपासणीमुळे पुस्तकं खपत होती आणि पिटमनला ते पक्कं ठाऊक होतं. त्याच्या भावांनी गावोगाव व्याख्यानं देऊन पद्धतीचा प्रसार केला. बेन हा भाऊ तर ती थेट अमेरिकेत घेऊन गेला.

यात एक उणीव होती. पिटमनकडे डिग्री मिळत नव्हती. मिनिटाला किती शब्द लिहिता, हीच पात्रता. उलट लंडन विद्यापीठानं १८५८ पासून कॉलेजात न जाताही डिग्रीची परीक्षा द्यायची मुभा दिली, पण शिकवण्याची जबाबदारी घेतली नाही. एकीकडे कागद तपासून मिळायचे पण डिग्री नाही, दुसरीकडे डिग्री होती पण मास्तर आपला आपण शोधायचा. आज जो ऑनलाइन कोर्स या दोन्ही गोष्टी स्वस्तात देतो असं म्हणतो, त्याच्या वेळापत्रकात तपासणीचा रकाना म्हणूनच बघावासा वाटतो.

पिटमनचे सगळेच डाव जमले नाहीत. इंग्रजी स्पेलिंग सुधारायच्या ध्यासापायी त्यानं वर्षानुवर्षं पैसा घातला आणि इंग्रजी काही बदललं नाही. तो दारू पीत नसे, मांस खात नसे आणि पहाटेपासून कामाला बसायचा. १८९४ मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला. जानेवारी १८९७ मध्ये बाथमध्येच त्याचं निधन झालं.

पुढे मुंबई-पुण्याच्या ऑफिसांत आणि कोर्टांत स्टेनोची नोकरी मिळवायची तर शॉर्टहँडच्या क्लासला जावं लागायचं. इंग्रजी शॉर्टहँड शिकणाऱ्या कित्येकांच्या लेखी पिटमन हे माणसाचं नव्हे, विषयाचंच नाव होतं.