स्वरसाधक विष्णु दिगंबर

कृष्णा-पंचगंगेच्या परिसरातील कुरुंदवाड या संस्थानी गावी १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार असल्यामुळे अभंगांचे व पदांचे सूर विष्णूच्या कानांवर बालपणापासूनच पडत होते.

लहानपणी एका उत्सवात फटाक्याचा अपघात होऊन त्याच्या डोळ्यांना इजा झाली. दृष्टी अधू झाली आणि शाळा सुटली. ज्याला पुस्तकातील अक्षर नीट दिसत नाही, त्याने पुढे काय करावे? पण मुलाचा गळा गोड होता. म्हणून त्यास मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गायन शिकण्यास पाठविण्यात आले.

बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी अपार कष्टाने मिळवून महाराष्ट्रात आणली होती. त्या काळी ही विद्या पुस्तकांतून मिळत नसे. गुरूची सेवा करावी, गुरू गाईल ते कानांत साठवावे आणि तंबोऱ्याच्या सुरात गळा मिळवून तेच पुनःपुन्हा घोटावे, अशी रीत होती. विष्णु दिगंबरांनी कित्येक वर्षे ही खडतर साधना केली. मिरजेच्या अधिपतींचा आश्रय असल्यामुळे त्यांना कशाचीच उणीव नव्हती.

तथापि एक शल्य त्यांच्या मनात रुतले. मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण त्यांना मिळाले. परंतु गुरुजींना, ते केवळ गवई म्हणून, वगळण्यात आले, असे सांगतात. ज्याच्या गाण्याला लोक माना डोलावतात, त्याला समाजात मान का नसावा, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १८९६ साली राजाश्रयाचे सुख सोडून ते मिरजेबाहेर पडले.

गावोगाव गात ते उत्तरेकडे निघाले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. दरबारातील गाणे अशा रीतीने सामान्य माणसालाही ऐकावयास मिळू लागले.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ही संस्था कोणा एका राजाच्या कृपेवर नव्हे, तर लोकांच्या साहाय्यावर उभी होती. जी विद्या त्यांना केवळ श्रवणाने मिळवावी लागली, तिच्यासाठी त्यांनी स्वरलिपी तयार केली व पाठ्यपुस्तके छापली. १९०८ साली मुंबईसही विद्यालय निघाले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांसारखे शिष्य त्यांनी घडविले. त्यांचे दुसरे एक शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले. विष्णु दिगंबरांनी चाल दिलेली रामधून आश्रमाच्या प्रार्थनेत गाइली जाऊ लागली. पुढे वर्ध्याजवळील सेवाग्रामातही तिचे सूर उमटले.

उत्तरायुष्यात त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले. आज मुलेमुली शाळेत उघडपणे गाणे शिकतात आणि गवयास सन्मानाने सभेत बसवितात. त्यामागे या साधकाचे कष्ट आहेत.