शस्त्रवैद्य जॉन हंटर

आपल्या मालवण किनाऱ्यावरील बागाईतदारास हे ठाऊक आहे की, मुख्य पाट ढासळून बंद झाला तरी बाजूच्या लहान पाटांनी पाणी माडांच्या आळ्यांपर्यंत पोहोचविता येते. मनुष्याच्या पायातील रक्ताविषयी हीच गोष्ट ज्या पुरुषाने ओळखली, त्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

जॉन हंटर ह्यांचा जन्म इ. स. १७२८ मध्ये स्कॉटलंडात झाला. दहा भावंडांत ते शेंडेफळ. शाळेत त्यांचे मन रमले नाही. १७४८ मध्ये ते लंडनास वडील बंधू विल्यम ह्यांच्या शारीरशाळेत मदतनीस म्हणून गेले व तेथे त्यांचा हात आणि दृष्टी तयार झाली. पुढे ते लष्करात शस्त्रवैद्य होते, आणि १७६८ मध्ये सेंट जॉर्ज रुग्णालयात नेमले गेले.

त्या काळी गुडघ्यामागील धमनी फुगून तिची धडधडणारी गाठ झाली, की पाय मांडीतून कापीत किंवा गाठच चिरीत. पुष्कळ रोगी दगावत. काहीच न करावे, तर गाठ फुटून मरण. डिसेंबर १७८५ मध्ये असा एक ४५ वर्षांचा गाडीवान हंटर ह्यांच्या हाती आला. गुंगीचे औषध तेव्हा नव्हते. हंटर ह्यांनी गाठीस हात न लावता, वर मांडीत जेथे धमनी निरोगी होती तेथे ती बांधली. पाय कुजण्याची भीती होती. परंतु बाजूच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावून पायास रक्त पुरवतील, असा त्यांचा भरवसा होता. तसेच घडले. गाठ आटत गेली, व सुमारे ६ आठवड्यांनी गाडीवान आपल्या दोन्ही पायांवर घरी गेला. आज ह्या विकारात शरीरातलीच दुसरी शीर जोडून रक्तास नवी वाट करून देतात.

तथापि आम्ही त्यांचा दोष झाकणार नाही. चार्ल्स बर्न नामक अतिउंच आयरिश मनुष्याने आपले प्रेत समुद्रात सोडावे अशी इच्छा धरली होती. ती मोडून हंटर ह्यांनी १७८३ मध्ये त्याचा देह मिळवून सांगाडा ठेवला. २०२३ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले, तेव्हा तो प्रदर्शनातून वगळण्यात आला. विद्येसाठीही दुर्बळाची इच्छा तुडवणे हे पापच होय.

१६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या सभेत वाद होऊन हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

प्रिय बंधुभगिनींनो, पायास धडधडणारी गाठ दिसली तर अंगारेधुपारे न करता रुग्णालय गाठावे. आणि ज्या देवाने आपल्या देहात न दिसणाऱ्या वाटा आधीच करून ठेवल्या आहेत, त्याच्यावर, मोठी वाट बंद झालेली दिसते तेव्हा, आपण भरवसा ठेवू नये काय?