पावसाचा हिशेब ठेवणारे रॉबर्ट अँगस स्मिथ

आमच्या घरी चादरी आणि वडिलांचे कामावरचे कपडे उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवतात. हा सोडा कसा तयार होतो, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच, त्यामुळे पडला असता तरी विचारायचे कोणाला? यंदा भूगोलाच्या तासाला सरांनी युरोपचे काही नकाशे दाखवले. हवेतून येणारी दूषित द्रव्ये जेथे माणसांना, झाडांना आणि मातीला सोसण्यापलीकडे गेली आहेत, असे प्रदेश त्यांत गडद रंगाने भरले होते. असे नकाशे काढण्याची कल्पना मुळात कोणाची, हे शोधताना मी ज्या गृहस्थांपाशी पोहोचले, त्यांच्या आयुष्याची शेवटची वीस वर्षे सोड्याच्या कारखान्यांची धुरांडी तपासण्यात गेली होती. त्यांचे नाव रॉबर्ट अँगस स्मिथ.

स्मिथ यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८१७ रोजी स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या पोलॉकशॉज या गावी झाला. त्यांनी पाद्री व्हावे असे ठरले होते आणि त्याच हेतूने ते ग्लासगो विद्यापीठात दाखल झाले. परंतु पदवी न घेताच त्यांनी विद्यापीठ सोडले आणि खाजगी शिकवण्या करून पोट भरले. अशाच एका नोकरीच्या निमित्ताने ते जर्मनीला गेले. तेथे गीसेन येथे त्या काळचे थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिख यांच्या प्रयोगशाळेत शिकून त्यांनी १८४१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतल्यावरही धर्मकार्याचा विचार त्यांच्या मनातून गेला नव्हता म्हणतात. पण लायन प्लेफेअर या रसायनशास्त्रज्ञाचे साहाय्यक म्हणून ते मँचेस्टरला आले आणि तेथलेच झाले.

मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचे शहर. गिरण्यांना वाफ लागते, वाफेला दगडी कोळसा लागतो आणि कोळशात गंधक असते. कोळसा जळला की गंधकाचा वायू होतो आणि तो हवेत आणि पाण्यात मिसळून गंधकाम्ल बनते. हे आज आपल्याला पाठ आहे, पण त्या वेळी शहरातील काळ्या धुराकडे लोक फार तर घाण म्हणून पाहत. स्मिथ यांनी शहरात आणि शहराबाहेर ठिकठिकाणी पावसाचे पाणी धरले व ते प्रयोगशाळेत तपासले. १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी मँचेस्टरभोवती हवेचे जणू तीन पट्टे आखून दाखवले. दूरच्या शेतांवरील हवेत अमोनियाचा कार्बोनेट, उपनगरांत अमोनियाचा सल्फेट आणि ऐन शहरात मोकळे गंधकाम्ल. छापील कापडाचे रंग का विटतात आणि लोखंड-जस्त इतक्या लवकर का गंजते, याचे कारण त्यांनी या आम्लात दाखवले. माझ्या मते सगळ्या नकाशांचे बीज येथे आहे. हवा सगळीकडे सारखीच वाईट नसते आणि कोठे किती वाईट आहे ते मोजून सांगता येते, ही गोष्ट त्यांनी सिद्ध केली.

आता सोड्याकडे वळू. साबण, काच आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडा लागे. त्या काळी तो लब्लां यांच्या पद्धतीने करीत. मिठावर गंधकाम्लाची क्रिया केली की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे आणि तो सरळ धुरांड्यातून बाहेर सोडला जाई. (ही पद्धत आता इतिहासजमा झाली आहे.) सेंट हेलेन्स आणि विड्नेस या गावांभोवतीची झाडे वाळली, कुंपणे जळली, पिके गेली. शेतकरी कोर्टात गेला तर त्याला विचारीत, तुझे पीक नेमक्या कोणत्या धुरांड्याने जाळले? दहा धुरांडी शेजारी शेजारी असताना तो बिचारा काय सांगणार! काही कारखानदारांनी उपाय म्हणून धुरांडी उंच केली. ग्लासगो येथे १८४२ मध्ये १३० मीटरहून उंच धुरांडे उभे राहिले. त्यामुळे वायू कमी झाला नाही, तो फक्त लांब जाऊन पडू लागला.

खरे म्हणजे उपाय ठाऊक होता. गॉसेज नावाच्या कारखानदाराने १८३६ मध्येच अशा मनोऱ्याचे पेटंट घेतले होते की ज्यातून वायू वर चढताना वरून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळून जाई. पण सक्ती नव्हती. सेंट हेलेन्सजवळच जमीनजुमला असलेले लॉर्ड डर्बी यांनी १८६२ मध्ये पार्लमेंटात चौकशी समिती नेमवली, तेव्हा कोठे १८६३ चा अल्कली कायदा झाला. हायड्रोक्लोरिक आम्लाचा ९५ टक्के वायू कारखान्यातच अडवला पाहिजे, असे बंधन त्याने घातले. कायद्याचे पहिले निरीक्षक म्हणून स्मिथ यांची नेमणूक झाली आणि हाताखाली अवघे चार उपनिरीक्षक मिळाले.

कारखानदारांनी मनोरे बांधले आणि अडवलेल्या वायूचे प्रमाण कायद्याला हवे होते त्याहूनही अधिक निघाले. तरी झाडे वाळतच राहिली. कारण ५ टक्क्यांची सवलत प्रत्येक कारखान्याला होती आणि कारखाने तर वाढत चालले होते. शिवाय कोळशाच्या धुरातील गंधकाम्ल, ज्याचा शोध स्वतः स्मिथ यांनी लावला होता, ते या कायद्यात नव्हतेच! जे त्यांना सर्वांत जास्त ठाऊक होते त्यावर त्यांना अधिकार नव्हता. १८७४ च्या सुधारणेने टक्केवारीच्या जोडीला नवी अट आली. धुरांड्यातून निघणाऱ्या दर घनफूट हवेत आम्ल एक पंचमांश ग्रेनपेक्षा जास्त असता कामा नये. तरीही मोजणी धुरांड्याच्या तोंडाशीच होत राहिली. त्याखालच्या शेताला किंवा माणसाच्या फुप्फुसाला किती सोसते, हे कायद्याने विचारले नाही.

स्मिथ यांच्यावर टीकाही झाली. त्यांनी फारच थोडे खटले भरले. निरीक्षकाने कारखानदाराला शिकवावे, त्याचा विश्वास मिळवावा, असा त्यांचा स्वभाव होता. ज्याचे शेत जळाले त्याला हा सबुरीचा मार्ग कसा वाटला असेल, याचा विचार केला की मला त्यांची ही बाजू पूर्णपणे पटत नाही. पण चार माणसांच्या बळावर दांडगाई करूनही फारसे काही साधले नसते, हेही खरे.

नोकरी सांभाळून त्यांचा जुना हिशेब चालूच होता. १८७२ मध्ये हवा आणि पाऊस या विषयावरील त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड इतकेच नव्हे तर जर्मनीतूनही त्यांनी पावसाचे नमुने मिळवले होते. समुद्रावरून येणारे क्षार वेगळे काढून उरलेला गंधक कोळशाचा किती, हे त्यांनी ठिकाणवार कोष्टकांत मांडले. वाऱ्याची दिशा, समुद्रापासूनचे अंतर, पावसाचे मान यांचा परिणामही तपासला. कोंदट हवेचा माणसावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्यांनी शिशाची हवाबंद खोली करवून घेतली आणि आत स्वतः जाऊन बसले! आज सर्वतोमुखी झालेला आम्ल-पर्जन्य हा शब्द याच ग्रंथात भेटतो.

१२ मे १८८४ रोजी वेल्समधील कॉल्विन बे येथे त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. त्यांचा ग्रंथ पुढे पाऊणशे वर्षे जवळजवळ विस्मरणात गेला. १९६७-६८ च्या सुमारास ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, स्कँडिनेव्हियातील तळी व नद्या परदेशांतून वाऱ्याने आलेल्या आम्लामुळे बिघडत आहेत. त्या परदेशांत ब्रिटनही होता. १९७९ मध्ये जिनिव्हा येथे सीमापार वायुप्रदूषणावर करार झाला. मग स्मिथ यांच्या काळी कायद्याने न विचारलेला प्रश्न विचारला गेला. चुनखडीची जमीन आम्ल पचवते, ग्रॅनाइटवरची पचवत नाही, तेव्हा प्रत्येक जागेची सोसण्याची मर्यादा वेगळी काढली पाहिजे. युरोपवर चौकोन आखून प्रत्येकात मर्यादा किती आणि वरून पडते किती, हे मांडण्यात आले. १९९४ च्या ऑस्लो येथील गंधकविषयक करारात कोणत्या देशाने किती कपात करावी, हे या हिशेबावरून ठरले.

ब्रिटनमध्ये मर्यादा ओलांडलेल्या प्रदेशांत मँचेस्टरला लागूनच असलेले दक्षिण पेनाइन डोंगर येतात. दीडशे-दोनशे वर्षांच्या धुराने तेथील दलदलीतले शेवाळ मोठ्या प्रमाणात नाहीसे झाले होते. गंधक आता पुष्कळ घटले आहे. आज तेथे मर्यादा ओलांडतो तो मुख्यतः नायट्रोजन, आणि त्यातला बराचसा शेतांवरून व गोठ्यांतून येणाऱ्या अमोनियाचा असतो. १८५२ मध्ये स्मिथ यांनी मँचेस्टरबाहेरच्या सर्वांत दूरच्या पट्ट्यात, शेतांवरच्या हवेत, तोच नोंदवून ठेवला होता.