अंगणात गेलेली शाळा

परवा आमच्या बालवाडीत एक आई आली आणि मुलाचं दप्तर उचलून त्याला घेऊन गेली. भांडण नाही, तंटा नाही. मुलगा साडेतीन वर्षांचा. आठ महिने झाले तरी ए बी सी डी काढता येत नाही, नुसता चिंचोके मोजतो आणि गाणी म्हणतो, तर याला शाळा कशी म्हणायची, एवढंच तिचं म्हणणं. समोरच्या बिल्डिंगमधली त्याच्याच वयाची मुलगी म्हणे पन्नासपर्यंत आकडे लिहिते.

मी तिला समजावायला गेले आणि माझे शब्द घशातच अडकले. कारण खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या लेकाला मी तीन वर्षांचा असताना पाटीवर गिरवायला बसवलं होतं. तो रडत होता आणि मी त्याचा हात धरून ‘अ’ गिरवून घेत होते. तेव्हा मला कुठे काय कळत होतं! आज त्याला मिसरूड फुटलं, पण त्याचं अक्षर पाहिलं की मला ती दुपार आठवते.

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही चौघीजणी ही बालवाडी चालवतो. त्याच संध्याकाळी आमची बैठक होती. बोर्ड बदला, इंग्लिश नर्सरी म्हणा, थोडी फी वाढवा, मुलं आपोआप येतील असं दोघातिघांनी सुचवलं. वाईट हेतूने नव्हे हो. भाडं, लाईटबिल, बाईंचा पगार, सगळं त्यांनाच बघावं लागतं. मी विचार करून सांगते म्हटलं आणि घरी आले. रात्री सगळी जेवणं आटोपल्यावर कपाटातून ताराबाई मोडकांवरचं जुनं पुस्तक काढलं. बालवाडीच्या कोर्सला असताना परीक्षेपुरतं वाचलेलं. या वेळी वाचलं ते वेगळ्याच पोटतिडकीने.

ताराबाई मूळच्या आपल्या मुंबईच्याच. जन्म १९ एप्रिल १८९२. माहेरच्या केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. आपण गिरगावात बसमधून उतरताना ‘प्रार्थना समाज’ असं सहज म्हणतो, तो नुसता बसस्टॉप नाही. १८६७ साली स्थापन झालेल्या समाजाचं मंदिर तिथे आहे. आई उमाबाई विधवा होत्या आणि सदाशिवरावांशी त्यांचा पुनर्विवाह झाला होता. त्या काळात असं लग्न करणाऱ्या घराला काय काय सोसावं लागत असेल, याची कल्पना आपण आज फक्त करू शकतो. अशा घरातल्या मुलीला लोक काय म्हणतील या भीतीचं बाळकडू मिळालेलं नसतं, एवढं मात्र खरं. ताराबाई अलेक्झांड्रा शाळेत शिकल्या, पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात गेल्या आणि १९१४ साली बी. ए. झाल्या. बायकांना सही करता आली तरी कौतुक व्हायचं, ते दिवस!

पुढच्याच वर्षी कृष्णराव मोडकांशी लग्न झालं. ते वकील, संसार अमरावतीला. मुलगी झाली, प्रभा. पण संसार काही टिकला नाही. १९२१ मध्ये ताराबाई लहानग्या लेकीला घेऊन वेगळ्या झाल्या. कोणाचं चुकलं याचा निवाडा शंभर वर्षांनी आपण कशाला करायचा? रत्नाकर मतकरींनी त्यांच्या आयुष्यावर ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक लिहिलं. मला तर त्या नावातच सगळं आलं असं वाटतं. जगभरच्या मुलांसाठी घरं उभी करणाऱ्या बाईला स्वतःचं तिघांचं घर काही मिळालं नाही.

एकटी बाई, पदरात मूल. आज माझ्या ओळखीत अशा तिघीचौघी आहेत आणि त्यांना भाड्याची खोली मिळवतानाही नाकी नऊ येतात. ताराबाई गेल्या थेट राजकोटला, बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉल होऊन. त्या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. मान होता, नियमित पगार होता, शिक्षिका घडवण्याचं काम होतं. एकटीने मुलगी वाढवणाऱ्या बाईला आणखी काय हवं? माझ्यासारखीने देवाला नारळ फोडून तिथेच निवृत्तीपर्यंत मुक्काम ठोकला असता.

पण ताराबाईंच्या कानावर भावनगरच्या गिजुभाई बधेकांचं नाव आलं. गिजुभाईही मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाला, त्याला कसं शिकवायचं या विचारात असताना माँटेसरीबाईंचं पुस्तक हातात पडलं आणि वकिली सुटली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर काढलं. मारायचं नाही, ओरडायचं नाही, बक्षिसाचं आमिष नाही आणि शिक्षेचा धाकही नाही. मूल स्वतः हाताने करून शिकेल. गुजरातेत त्यांना मिशाळ आई म्हणत, यातच सगळं आलं. ताराबाईंनी १९२३ मध्ये प्रिन्सिपॉलची खुर्ची सोडली आणि त्या भावनगरला त्यांच्या हाताखाली कामाला लागल्या. बायकांनी मोठं पद सोडलं की आपण लगेच कारण विचारतो, घरी काही झालं का म्हणून. इथे कारण एवढंच होतं की शिक्षिकांना शिकवणाऱ्या बाईला मुलांपासून शिकायचं होतं.

तिथे त्या बरीच वर्षं राहिल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. शिक्षणपत्रिका निघाली, तिच्या मराठी आवृत्तीचं संपादन ताराबाईंनी केलं. मूल हट्ट का करतं, जेवताना का रडतं, खोटं का बोलतं, असल्या आपल्या रोजच्या डोकेदुखीवर त्यांनी आयांसाठी सोप्या मराठीत लिहिलं. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘बालकांचा हट्ट’ आहे. आज मोबाईलवर पालकत्वाचे धडे देणाऱ्यांचा सुळसुळाट झालाय. त्यातलं बरंचसं या बाईने आपल्या आजी-पणजीला आधीच सांगून ठेवलं होतं.

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईला परतल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं. दादर पूर्वेला उतरून राजा शिवाजी विद्यालय, म्हणजे जुनं किंग जॉर्ज, त्या बाजूला गेलात की अजूनही त्या गल्ल्यांमध्ये मोठाली झाडं दिसतात. नव्याने वसलेल्या मध्यमवर्गीय दादरला असं बालमंदिर हवंच होतं. बालशिक्षिका तयार करणारं अध्यापन मंदिरही उभं राहिलं. आयांच्या सभा व्हायच्या, व्याख्यानं व्हायची. १९३९ मध्ये गिजुभाई गेले आणि सगळा भार ताराबाईंवर आला. १९४६ नंतर काही वर्षं त्या मुंबईच्या विधानसभेतही होत्या. थोडक्यात काय, मान्यवर बाई झाल्या होत्या.

आणि इथे मला पुस्तक मिटून जरा वेळ बसावं लागलं. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह काढलं ते गरीब वस्तीतल्या मुलांसाठी. आपल्याकडे येईपर्यंत तीच पद्धत फी भरू शकणाऱ्यांची झाली. लाकडी मनोरे, दट्टे, घासूनपुसून ठेवलेली महागडी साधनं. ही खंत ताराबाईंना आतून पोखरत होती. गांधीजींचाही हाच आग्रह होता की हे शिक्षण खेड्यात, गरिबाच्या दारात गेलं पाहिजे. मग १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई डहाणूजवळ बोर्डीला गेल्या. त्रेपन्नाव्या वर्षी! मी पंचेचाळिशीची, तर गुडघ्यांची कारणं सांगून परळच्या पुलाचे जिने टाळते.

बोर्डीला त्यांना अनुताई वाघांची साथ मिळाली. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन वर्षाच्या आत विधवा झालेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिराला आल्या आणि ताराबाईंच्याच होऊन गेल्या. एक संसारातून बाहेर पडलेली, दुसरीचा संसार सुरूच न झालेला. या दोघींनी मिळून ग्राम बाल शिक्षा केंद्र उभं केलं. पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ही जोडी तुटली नाही.

बालवाडी काढली खरी, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. आया कामावर जाणार, मुलांना आणून कोण सोडणार? शिवाय गावातल्या इतरांच्या मुलांशेजारी आपलं पोर बसवण्याची भीती. आपल्यासारख्यांनी हात झटकले असते की आम्ही तर दार उघडं ठेवलंय बाई, तेच येत नाहीत. ताराबाईंनी सतरंजी उचलली आणि वस्तीत नेऊन घातली. त्यांच्या अंगणात, त्यांच्या सोयीच्या वेळेला. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. आज देशभर ज्याला आपण अंगणवाडी म्हणतो, त्याचं मूळ या अंगणात आहे. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती. मोजायला शिकायचं तर शिंपला काय आणि लाकडी मणी काय!

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारल्यांच्या पाड्यांमध्ये. (तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, २०१४ पासून पालघर.) तिथली पोरं शाळेत येणार कशी? ती गुरं राखायला जात. मग बाईच गुरांमागे गेल्या. कुरणात, झाडाखाली शाळा भरली, तिला नावही कुरणशाळा. मोठ्या मुली कडेवर धाकटं भावंड घेऊन फिरत, म्हणून शाळा बुडे. तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला म्हटलं विकासवाडी. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि ताई वर्गात. इतकी साधी युक्ती, पण ती सुचायला आधी त्या मुलीच्या कमरेवरचं ते ओझं दिसावं लागतं. आपण मेलं हजेरीपटावर लाल रेघ मारून मोकळ्या होतो.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत काम ओढलं. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, सरकारची एकात्मिक बाल विकास योजना आली आणि गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या प्रकल्पांमध्ये एक होता धारावीत, हिंदू कॉलनीपासून फार लांब नाही, आणि दुसरा अमरावती जिल्ह्यातल्या धारणीत. अमरावती वाचून मला उगाच भरून आलं. जिथे त्यांचा संसार मोडला, त्याच जिल्ह्यातल्या मेळघाटात त्यांची कल्पना रुजायला गेली. त्या अंगणवाड्यांतल्या सेविकांना आजही मानधन म्हणून काय मिळतं आणि त्यासाठी किती वेळा आझाद मैदानात बसावं लागतं, तो विषय वेगळा. त्यावर लिहायला बसले तर ही जागा पुरणार नाही.

सकाळी उठले ती एक गोष्ट डोक्यात घेऊनच. आमच्या चाळीमागे गिरणी होती. १९८२ च्या संपानंतर तिचं जे व्हायचं ते झालं, आता तिथे टॉवर उठतोय. पत्र्याच्या खोल्यांमधून बिगारी कामावरच्यांची मुलं वाळूच्या ढिगावर दिवसभर खेळत असतात. आमच्या खोलीपासून चालत चार मिनिटांवर. कितीतरी वर्षं आम्ही आपसात म्हणतोय की ती पोरं बालवाडीत येत नाहीत. येणार कशी? रस्ता ओलांडायचा, मराठी धड येत नाही, आणि कडेवर भावंड आहेच. मी कमिटीला कळवलं की बोर्डाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, इंग्रजी गाणीही शिकवू, माझी ना नाही. पण तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातात मी पेन्सिल देणार नाही, आणि दुपारचे दोन तास मला साईटवर हवेत. बैठकीत बरीच ओढाताण झाली. दोघी माझ्या बाजूने, एक गप्प. शेवटी महिनाभर करून बघा असं ठरलं.

मुकादमाने पहिल्या दिवशी हाकलून लावलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याच बायकोने पाणी दिलं. आता कोपऱ्यात ताडपत्री बांधून आम्ही बसतो. नऊ मुलं येतात, त्यातल्या तिघींच्या कडेवर धाकटी. त्या धाकट्यांसाठी एक जुनी साडी बांधून झोळी केलीये. चिंचोके न्यायला विसरले तर मुलांनीच बाटल्यांची झाकणं गोळा करून आणली, निळी वेगळी, लाल वेगळी.

आणि ती दप्तर उचलून नेणारी आई? काल नाक्यावर भेटली. मुलगा नव्या शाळेत जातोय, रोज सकाळी रडतोय म्हणाली. मी काही बोलले नाही. दुपारी साईटवर मोकळी असलीस तर त्याला घेऊन ये, एवढं सांगून भाजी घ्यायला पुढे गेले.