मदर काब्रिनी : परमुलखातील बांधवांच्या दारी गेलेली संत

पोटासाठी गाव सोडावे लागणे हे दुःख आपल्या समाजाला नवे नाही. गोव्याचे खलाशी मुंबईत आले, अहमदनगर व जालना जिल्ह्यांतील आपले बांधव कामधंद्यासाठी मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत स्थिरावले, वसईचे तरुण आखाती देशांत गेले. आज झारखंड, ओडिशा, छत्तीसगड येथील श्रद्धावंत आपल्या शहरांत मजुरीसाठी येत आहेत. अशा सर्व स्थलांतरितांची आश्रयदाती म्हणून ख्रिस्तसभेने १९५० साली ज्या संत स्त्रीचे नाव जाहीर केले, त्या संत फ्रान्सिस झेवियर काब्रिनी यांच्या जीवनाकडे आपण या लेखात वळणार आहोत. जगभर मदर काब्रिनी या नावाने त्या ओळखल्या जातात. त्यांच्या नावातच आपल्या भूमीशी असलेले नाते दडलेले आहे, ते पुढे येईलच.

कागदाच्या होड्या

उत्तर इटलीतील लोंबार्दी प्रांतात, लोदी शहराजवळच्या सांतांजेलो लोदिजानो या गावी १५ जुलै १८५० रोजी मरिया फ्रान्चेस्का काब्रिनी यांचा जन्म झाला. वडील आगोस्तिनो व आई स्तेल्ला हे शेतकरी दांपत्य होते. तेरा भावंडांत ही सर्वांत धाकटी. दिवस पुरे भरण्याआधीच जन्मलेली ही मुलगी जगेल की नाही, अशी शंका होती. तिच्या भावंडांपैकी बहुतेक बालपणीच दगावली. तिची स्वतःची प्रकृतीही जन्मभर नाजूकच राहिली.

तिचे मामा लिव्रागा या गावी धर्मगुरू होते. सुट्टीत त्यांच्याकडे गेली की ही मुलगी कागदाच्या होड्या करी, त्यांत जांभळी रानफुले ठेवी आणि गावाजवळच्या कालव्यात त्या सोडून देई. ती फुले म्हणजे तिच्या कल्पनेतील मिशनरी. ते चीन व भारत या दूरच्या देशांत निघालेले असत. असाच खेळ चालला असता ती एकदा पाण्यात पडली आणि तेव्हापासून पाण्याची भीती तिच्या मनात कायमची बसली. ज्या स्त्रीला पुढे वीसहून अधिक वेळा अटलांटिक महासागर पार करावा लागला, तिला मुळात पाण्याचेच भय होते, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते.

आर्लुनो येथील धर्मभगिनींच्या शाळेत शिकून १८६८ साली तिने शिक्षिकेची परीक्षा उत्तीर्ण केली. १८७० साली आईवडील दोघेही निवर्तले. १८७२ मध्ये देवीच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता ती स्वतः आजारी पडली. व्रतस्थ होण्याची तिची तीव्र इच्छा होती. परंतु ज्या भगिनींकडे ती शिकली होती, त्यांनी प्रकृतीचे कारण देऊन तिला प्रवेश नाकारला. पुढे १८७४ साली कोदोन्यो येथील एका अव्यवस्थित अनाथाश्रमाची घडी बसवण्यासाठी तिला पाठवण्यात आले. तेथेच १८७७ मध्ये तिने व्रते घेतली आणि आपल्या नावाला झेवियर हे नाव जोडले. पूर्वेकडे सुवार्ता घेऊन आलेले, ज्यांचे पार्थिव गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत विसावले आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या वाटेने चीनला जायचे, हा तिचा निश्चय होता.

अनाथाश्रम पुढे बंद पडला. तेव्हा लोदीच्या बिशपांच्या सूचनेवरून १४ नोव्हेंबर १८८० रोजी, सात सहकारिणींसह, कोदोन्यो येथील एका जुन्या फ्रान्सिस्कन मठात तिने येशूच्या पवित्र हृदयाच्या मिशनरी भगिनींचा संघ स्थापन केला. मिशनकार्य हे त्या काळी पुरुषांचे क्षेत्र मानले जाई. स्त्रियांच्या संघाने मिशनरी हा शब्द आपल्या नावात घ्यावा, हेच अनेकांना रुचत नव्हते.

पूर्वेऐवजी पश्चिमेला

१८८८ साली रोमने या संघाला मान्यता दिली. मदर काब्रिनी चीनला जाण्याची अनुमती मिळेल या आशेत होत्या. परंतु त्याच काळात इटलीत एक निराळेच संकट उभे होते. दक्षिण इटलीतील शेतकरी दारिद्र्य, करांचा बोजा आणि रोगराई यांना कंटाळून हजारोंच्या संख्येने अमेरिकेची वाट धरत होता. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन लोक अमेरिकेत उतरले. पिआचेन्झाचे बिशप जोव्हान्नी बात्तिस्ता स्कालाब्रिनी यांनी मिलानच्या रेल्वे स्थानकावर गाठोडी घेऊन बसलेल्या अशा माणसांचे लोंढे पाहिले आणि १८८७ मध्ये स्थलांतरितांच्या सेवेसाठी धर्मगुरूंचा एक संघ उभा केला. या बिशपांना २०२२ साली संतपद लाभले. मदर काब्रिनींनी न्यूयॉर्कला जावे, असा आग्रह त्यांनीच धरला.

मदर काब्रिनींचे मन तयार होईना. त्यांनी पोप तेरावे लिओ यांच्याकडे धाव घेतली. पोपमहोदयांनी त्यांना पूर्वेकडे नव्हे, तर पश्चिमेकडे जाण्यास सांगितले. बालपणापासून जपलेले स्वप्न त्यांनी त्या एका शब्दाखातर बाजूला ठेवले. सुवार्ता कोठे न्यायची हे मिशनऱ्याच्या आवडीवर अवलंबून नसते, तर गरज कोठे आहे यावर ते ठरते, हा धडा त्यांनी येथे गिरवला. मार्च १८८९ मध्ये सहा भगिनींसह त्यांनी फ्रान्समधील ल हाव्र बंदर सोडले आणि ३१ मार्च रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या.

तळघरातील मिस्सा

तेथे त्यांच्यासाठी घर तयार नव्हते. पहिली रात्र त्यांनी एका गलिच्छ खोलीत, अंथरुणाला पाठ न लावता, प्रार्थना करीत काढली. दुसऱ्या दिवशी आर्चबिशप कॉरिगन यांची भेट झाली. इटालियन मुलींसाठी अनाथाश्रम काढण्याची जी योजना एका सरदारपत्नीने आखली होती, ती त्यांना मान्य नव्हती. आल्या जहाजाने परत जावे, असेच त्यांनी सुचवले. मदर काब्रिनींनी नम्रपणे, पण ठामपणे, आपण पोपमहोदयांच्या आज्ञेने आलो असल्याने येथेच राहणार, असे उत्तर दिले. पुढे त्यांनीच मध्यस्थी करून मतभेद मिटवले आणि महिन्याभरातच अनाथाश्रम सुरू झाला.

ज्यांच्यासाठी त्या आल्या होत्या, त्यांची स्थिती काय होती? आपल्याकडच्या ऊसतोड कामगारांना उचल आणि मुकादम हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. इटालियन मजुरांचीही हीच कथा होती. मुकादम त्यांच्या प्रवासाचे पैसे भरी, काम मिळवून देई आणि मजुरीतून त्याची दामदुपटीने वसुली करी. मलबेरी स्ट्रीटच्या परिसरातील कोंदट चाळींत एकेका खोलीत कितीतरी माणसे राहत. मुले शाळेऐवजी रस्त्यावर असत.

याहून वेदनादायक गोष्ट अशी की हे लोक कॅथोलिक असूनही कॅथोलिक धर्मग्रामांत परके ठरले होते. न्यूयॉर्कमधील धर्मगुरू व श्रद्धावंत बहुतांशी आयरिश वंशाचे होते. इटालियन लोकांची भाषा त्यांना येत नव्हती. संतांच्या मूर्ती खांद्यावर घेऊन वाजतगाजत मिरवणूक काढण्याची त्यांची रीत तेथे अडाणीपणाची समजली जाई. चर्चच्या दारात आसनासाठी पैसे द्यावे लागत आणि ही पद्धत नवागतांना अनोळखी होती. अनेक ठिकाणी मुख्य चर्चमध्ये इतरांची मिस्सा होई आणि इटालियनांची मिस्सा खाली तळघरात. एकाच प्रभूच्या भोजनासाठी आलेल्या लेकरांची अशी वरची व खालची पंगत मांडली गेली होती. त्यामुळे कित्येकांनी चर्चकडे पाठ फिरवली आणि लोक त्यांनाच श्रद्धाहीन म्हणू लागले.

दारोदार

मदर काब्रिनींनी या लोकांना चर्चमध्ये येण्याचा उपदेश करण्यापासून सुरुवात केली नाही. त्या व त्यांच्या भगिनी स्वतः चाळींचे अंधारे जिने चढू लागल्या. दोघी दोघींनी जायचे, दार ठोठवायचे, त्यांच्याच भाषेत विचारपूस करायची, आजाऱ्याजवळ बसायचे, मुलांची नावे लिहून घ्यायची, असा त्यांचा क्रम होता. संत जोआकिम चर्चच्या जागेत त्यांनी मुलांचे वर्ग भरवले. शाळेसाठी निराळी इमारत नव्हती. मुलांना त्या इटालियन भाषेत धर्मशिक्षण देत आणि नव्या देशात उभे राहण्यासाठी इंग्रजीही शिकवत. मायबोली विसरल्यावाचून नवा देश आपला करता येतो, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी स्वतः १९०९ साली सिएटल येथे अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले.

त्यांच्या व्यवहारचातुर्याच्या अनेक कथा सांगितल्या जातात. हडसन नदीकाठची वेस्ट पार्क येथील जेझुइट धर्मगुरूंची मालमत्ता १८९० मध्ये त्यांनी अनाथ मुलांसाठी घेतली. तेथे पाण्याची टंचाई असल्यामुळेच ती स्वस्तात मिळाली होती. मदर काब्रिनींनी जमीन खणायला लावली आणि झरा सापडला. शिकागोत एक हॉटेल इस्पितळासाठी विकत घेताना विकणारे जागा कमी देतील, अशी शंका त्यांना आली. तेव्हा त्यांच्या भगिनींनी पहाटेच मोजपट्टी घेऊन सारी जमीन मोजून काढली, असे सांगतात.

जिथे इटालियन माणूस द्वेषाचा बळी ठरत होता, तेथेही त्या गेल्या. न्यू ऑर्लिन्समध्ये १४ मार्च १८९१ रोजी जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियनांची हत्या केली होती. पुढच्याच वर्षी मदर काब्रिनींच्या भगिनींनी त्या शहरात घर उघडले. १९०५ साली तेथे पीतज्वराची साथ आली. भेदरलेले इटालियन लोक डॉक्टरांना दारातही उभे करीत नव्हते, तेव्हा या भगिनी घरोघर गेल्या. त्यांच्या शब्दावर लोकांनी उपचार घेतले. वर्षानुवर्षांच्या भेटीगाठींनी मिळवलेला विश्वास संकटाच्या वेळी असा फळाला आला. कोलोरॅडोत तर भगिनी खाणीत खाली उतरून कामगारांना भेटत असत.

आजाऱ्याची भाषा

परक्या मुलखात सर्वांत असहाय असतो तो आजारी माणूस. कोठे दुखते हेच त्याला सांगता येत नाही, आणि मरणसमयी पापनिवेदन करायचे तर त्याची भाषा जाणणारा धर्मगुरू जवळ नसतो. मदर काब्रिनींना इस्पितळाच्या कामाची प्रथम ओढ नव्हती. परंतु ही स्थिती पाहून १८९२ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये अत्यल्प भांडवलावर कोलंबस इस्पितळ सुरू केले. कोलंबसाच्या अमेरिका-प्रवासाला त्या वर्षी चारशे वर्षे पूर्ण होत होती. इटालियनांना आपलेपणा वाटावा आणि अमेरिकनांनाही परके वाटू नये, असे ते नाव होते. १९०५ मध्ये शिकागोतही असेच इस्पितळ उभे राहिले.

अमेरिकेबाहेर निकाराग्वा, अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन, फ्रान्स, इंग्लंड येथेही त्यांचे कार्य पसरले. अर्जेंटिनाला जाताना त्यांनी खेचरावर बसून अँडीज पर्वत ओलांडला. मलेरियाने शरीर पोखरले तरी प्रवास थांबला नाही. २२ डिसेंबर १९१७ रोजी शिकागोच्या आपल्याच इस्पितळात त्यांनी देह ठेवला. शेवटच्या दिवसांत त्या नाताळसाठी मुलांचा खाऊ भरण्याच्या तयारीत होत्या. वय सदुसष्ट आणि त्यांनी स्थापन केलेल्या संस्थाही सदुसष्ट. १९३८ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले आणि ७ जुलै १९४६ रोजी पोप बारावे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. अमेरिकेचे नागरिकत्व असलेल्या त्या पहिल्याच संत होत. त्यांची न्यूयॉर्क व शिकागो येथील इस्पितळे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंद झाली. इमारती काळाच्या ओघात जातात, हे संतांच्या बाबतीतही खरेच आहे.

आपल्या धर्मग्रामांत

मग उरते काय? आमच्या मते, मदर काब्रिनींनी ख्रिस्तसभेला विचारलेला प्रश्न उरतो. नवा माणूस चर्चमध्ये का येत नाही, असे आपण विचारतो. आपल्यापैकी कोण त्याच्या दारी गेले, असे त्या विचारतात.

आपल्याच परंपरेत याची चांगली उदाहरणे आहेत. मुंबईत धोबी तलावच्या परिसरात गोव्याच्या गावागावांनी कूड उभारले. बोटीची वाट पाहणाऱ्या खलाशाला तेथे पथारी टाकायला जागा मिळे आणि संध्याकाळी वेदीपुढे सर्वांसोबत आपल्या भाषेत जपमाळही म्हणता येई. परमुलखात श्रद्धा टिकायला कधी कधी एवढेच पुरते.

आज रविवारच्या मिस्सेला चर्चच्या मागच्या बाजूला, दाराशी उभ्या राहिलेल्या काही मुली दिसतात. त्या दूरच्या आदिवासी भागातून घरकामासाठी आलेल्या असतात. बांधकामावरचे तरुणही असतात. अंतिम आशीर्वाद होताच, कोणी नाव विचारण्याआधीच, ते निघून जातात. आपण त्यांना तळघरात पाठवलेले नाही; परंतु त्यांना पुढच्या बाकावर बोलावणाराही कोणी नसेल, तर ते दार आणि ते तळघर यांत फार अंतर राहत नाही. प्रत्येक धर्मग्रामात दोन माणसांनी आठवड्यातून एक संध्याकाळ अशा वस्तीत जावे, त्यांच्या भाषेतील मिस्सा जवळपास कोठे होते ते सांगावे, मुलांच्या शाळेची व आजाऱ्याच्या उपचारांची चौकशी करावी. यासाठी मोठी इमारत लागत नाही, निधीही लागत नाही.

परक्याचा स्वीकार करणाऱ्याने आपलाच स्वीकार केला, असे प्रभू येशूने शिकवले आहे. त्या शिकवणीला जागण्याचे बळ संत फ्रान्सिस झेवियर काब्रिनी यांच्या मध्यस्थीने आपल्या सर्व धर्मग्रामांना लाभो, हीच प्रार्थना.