हाइन्रिख हर्ट्झ

दिव्यामागें वक्र पत्रा लावला म्हणजे उजेड एका बाजूस एकवटतो, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु जी लाट डोळ्यांस दिसतच नाहीं तिला वाट कशी दाखवावी? हें ज्यांनीं करून दाखविलें, त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

हाइन्रिख हर्ट्झ ह्यांचा जन्म जर्मनींतील हँबुर्ग शहरीं ता. २२ फेब्रुवारी १८५७ रोजीं झाला. प्रथम त्यांनीं इंजिनियरिंगचा अभ्यास आरंभिला. पण सृष्टिनियमांची ओढ अनावर होऊन ते पदार्थविज्ञानाकडे वळले, व बर्लिन येथें हेल्महोल्ट्झ ह्या गुरूंच्या हाताखालीं १८८० सालीं डॉक्टर झाले. प्रकाश ही विद्युच्चुंबकीय लाटच होय असें मॅक्सवेल ह्या पंडितांनीं गणितानें मांडिलें होतें. प्रत्यक्ष पुरावा मात्र नव्हता. गुरूंनीं १८७९ सालीं ह्या विषयाकडे हर्ट्झ ह्यांचें लक्ष वेधिलें. साधनें अपुरीं पाहून त्यांनीं तो प्रश्न बाजूस ठेविला. मनांतून मात्र टाकिला नाहीं.

१८८५ सालीं कार्ल्सरूह येथें प्राध्यापक झाल्यावर त्यांनीं विजेच्या ठिणगीनें त्या लाटा उत्पन्न केल्या. १८८८ सालीं जस्ताचे पत्रे लांकडी चौकटींवर वांकवून त्यांनीं दोन मीटर उंचीचे दोन वक्र आरसे केले. एका आरशांत ते ठिणगी पाडीत, आणि दुसऱ्यामागें अंधारांत उमटणारी इवलीशी ठिणगी निरखीत. आरसे समोरासमोर असतां ती दिसे. एक वळवितांच नाहींशी होई. लांकडी दार लाटेस अडवीना. धातूचा पत्रा अडवी. डांबराचा सुमारें ६०० किलोग्रॅम वजनाचा लोलक वाटेंत ठेवितांच लाट प्रकाशाप्रमाणेंच वांकली. दोहोंचें नातें सिद्ध झालें.

ह्या शोधाचा व्यवहारांत उपयोग होईल असें खुद्द त्यांसही वाटलें नव्हतें. १८८९ सालीं ते बॉन येथें गेले. तेथें दुखण्यानें गांठलें, आणि वयाचीं ३७ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, ता. १ जानेवारी १८९४ रोजीं, ते निवर्तले. १९०१ सालीं बिनतारी संकेत अटलांटिक महासागर ओलांडून गेला, तो पाहावयास ते नव्हते. आज कंपनसंख्या त्यांच्याच नांवानें मोजितात.

त्यांचा आरसा हातानें वळवावा लागे. आतां संशोधक असे वक्र पृष्ठभाग करीत आहेत कीं, त्यांवरील असंख्य बारीक तुकड्यांस विजेनें इशारा देतांच, पृष्ठभाग जागचा न हलतां, परतणारी लाट हवी तिकडे वळावी. भिंतीआड राहणाऱ्यासही बिनतारी संदेश पोहोंचावा हा हेतु.

बाजूस ठेविलेला प्रश्न योग्य वेळीं पुनः हातीं घ्यावा, आणि लाभ दिसत नसतांही तडीस न्यावा, हा धडा आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्या अल्पायुषी शिक्षकापासून घ्यावा.